तू काऊन बसली

२४ ऑगस्ट २०२४

आत्या,

नाही, मी शांत होणार नाही. परवा फोनवर तू हसली अन् म्हणाली, हे तुह्या पप्पाले विचार. पप्पा बाजूलेच बसले होते म्हणून तू हसली, एवढं मले समजते. म्हणून कागदावर लिहून राह्यली. जयभीम. खुशाली खाली लिहीन, जागा उरली तं.

दहा वर्षांची असताना मी इकडं यायले निघाली तवा तू शर्त घातली होती, महिन्याले एक पत्र, हातानं, नाहीतर पोरीचं देवनागरी गंजते. सहा वर्षं मी तुले हवामान अन् मार्कं लिहीत आली. आता हे वाच.

आमच्या हायस्कुलातून दरवर्षी वीस पोरायले कॉलेजं दाखवाले नेतात. आठ दिवस, राहणं-खाणं शाळेचं. पण फक्त लॅटिनो पोरायले, म्हणजे ज्यायचे मायबाप नाहीतर आजे-पणजे मेक्सिको, ग्वाटेमाला, तिकडच्या देशांतून आले त्यायले. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त पोरं तीच. यादी लागली. विसावं नाव माहं.

मले वाटलं चूक झाली. ओचोआ सरांकडं गेली. ते आम्हाले एक विषय शिकवतात, कोणत्या लोकायले कोणी काय नाव ठेवलं, कोणाले गोरं ठरवलं, कोणाले काळं, कशासाठी. माणूस चांगला हाये. त्यायनं हसून माह्या प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला, सहा वर्षांपूर्वीचा. विद्यार्थी हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहे का? हो. निळ्या पेनाची खूण. अन् ती खूण मी कुठंही ओळखीन आत्या, पप्पाची, तुह्यासारखीच, शेपूट चौकटीबाहेर पळालेली. त्याच्या खालची ओळ, घरची भाषा: इंग्रजी. त्या वर्षी मम्मीले नळ गळून राह्यला एवढं घरमालकाले इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

एकविसावं नाव येसेनियाचं. वाट पाहायच्या यादीत पहिलं. ती माह्याच बाकावर बसते, तिची माय टमाटे निवडायच्या शेडमध्ये उभी राहते. तिनं मले मिठी मारली अन् म्हणाली, दोघींपैकी एक तरी चालली. मी थँक्यू म्हटलं. थँक्यू म्हटलं आत्या मी.

मंग मले एकेक आठवाले लागलं. शाळेच्या ऑफिसात (इथं पहिलीपासून बारावीपर्यंत एकच ऑफिस हाये) मराठी बोलायची नाही, हा पप्पाचा नियम. काऊन? त्या खिडकीत पुष्पांजलीबाई म्हणून मराठी बाई बसते, आपल्या चिखलीची. तिचा पोरगा ऋत्विक माह्या वर्गात. सहा वर्षांत आम्ही तिच्याशी एक शब्द मराठीत बोललो नाही. मराठी मंडळात गणपतीले नाही, संक्रांतीले नाही. कंपनीत पप्पा प्रसेन, आडनावाच्या जागी आबाचं नाव. मागच्या वर्षी ऋत्विक मागून हळूच मराठीत म्हणाला, तुझा पेन पडला. मी वाकून उचलला. वर पाहिलं तं तो हसून राह्यला होता. पेन माहा नव्हताच.

अन् मीही काही कमी नाही. पोरं माह्याशी स्पॅनिश बोलाले लागली, मी शिकली. वर्गात नकाशा होता, जो तो आपल्या गावाले टाचणी लावे. मी लावली नाही. सर म्हणाले, काही घरं सांगत नसतात, चालते. त्यायले वाटलं आम्ही व्हिसा-कागदांबिगर आलेलो. तेव्हापासून ते माह्यावर जरा जास्तच माया करतात, अन् मी करू देली.

यादी २५ ऑक्टोबरले पक्की होते. नोंद चुकली असन तं दुरुस्तीचा फॉर्म हाये. त्यावर मायबापाची सही लागते, ऑफिसच्या खिडकीपाशी, ओळखपत्र दाखवून. त्याच खिडकीपाशी. पप्पाले सांगतलं तं ते म्हणाले विषय बंद, अन् टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून तू सांग. पप्पानं जागेसाठी खोटं केलं का? मी चोरलेल्या जागेवर बसली हाये का? हो असन तं हो लिहिजो. घरच्या ग्रुपवर लिहू नको, तुहा मेसेज मम्मीच्या आधी पप्पा वाचतात.

माया असू दे, पण पुरावा पाठव.
तुही मयू

खुशाली: सर्दी.


अमडापूर
१० सप्टेंबर २०२४

चि. मयू,

जयभीम, अन् रागावलेल्या पोरीले दुप्पट आशीर्वाद. पहिले हे सांग, पाकिटाले डिंक दोनदा लावलेला होता, तो तूच लावला का मधात कोणी उघडलं? आपले पोस्टमन दयारामभाऊ तं पाकिट उजेडाले धरूनच पाहतात, पण त्यायचा डोळा तिकिटावर असते, नातवाले विदेशी तिकिटं पायजे. मी देऊन टाकलं. त्यायनं विचारलं, पोरगी काय म्हणते. मी सांगतलं, थंडी लय हाये म्हणते. ऑगस्टमध्ये. ते गेले, पण मान हलवत गेले.

पोळा झाला. सोयाबीन कमरेले लागलं. माहा गुडघा तसाच. शाळेत जायले दोन थांबे एस.टी., मंग पायी, तुले माहीत हाये.

आता तुहा बाप. तो चोर नाही. भेकड हाये, अन् ते भेव त्याले शाळेनं शिकवलं, पाढ्यांच्या संगं.

तो सातवीत होता, मी दहावीत. गुरुजी वर्गात यादी घेऊन आले अन् म्हणाले, सवलतवाल्यांनी उभं राहा. सरकारची सवलत, वह्या-पुस्तकं, फी, हे सारं. वाईट हेतू नसन त्यायचा, फॉर्म भराचे होते, घंटा व्हायची होती. प्रसेन उभा राह्यला. नावं वाचून होईपर्यंत सगळे भिंतीले लागून उभे. त्याचा एक दोस्त होता, निवृत्ती, रोज एका डब्यात जेवत. त्या दुपारी प्रसेन त्याच्याजवळ गेला. निवृत्तीनं फक्त डब्याचं झाकण लावलं.

आम्ही कोण हे गावाले माहीतच होतं गं. निवृत्तीलेही असनच. पण शाळेनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तवा त्या माहितीचं काय करायचं असते ते त्याले समजलं. त्याच्या पुढं तुह्या बापानं जातीचा रकाना म्हणून कुठं भरला नाही. आबा मारत, तरी नाही. तू झाली तवा आबाले तुहं नाव यशोधरा ठेवायचं होतं. प्रसेन अडून बसला, ज्या नावावरून काही समजत नाही असं ठेवा. त्याचंही खरं होतं. प्रसेनजित, महामाया, ही नावं कोणाच्या घरात ठेवतात ते अख्ख्या जिल्ह्याले ठाऊक हाये. आपलं नाव म्हणजे चालता-बोलता दाखला.

त्या फॉर्मवर त्यानं तसं काऊन केलं, मले माहीत नाही. पण मले त्या चिखलीच्या बाईचा वास येऊन राह्यला. अमडापूर म्हटलं का चिखलीचं माणूस दुसरा प्रश्न काय विचारते? गावातले का वस्तीतले? त्या प्रश्नाच्या भेवानं तुहा बाप काहीही करू शकते.

तरी माहं ऐक, भांडू नको. यादी पक्की व्हायच्या दोन दिवस आधी ताप आला म्हण. जागा सोड. एकविसावी आपोआप विसावी होते. ना सही लागत, ना खिडकी, ना बापाची मान खाली. मी तीस वर्षं मास्तरकी करून राह्यली, कागद न हलवता काम कसं होते ते मले विचार.

हे पत्र वाचून फाडजो. लक्षात ठेवून फाडजो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आत्या, महामाया


२४ सप्टेंबर २०२४

ताई,

जयभीम. फाडायचं पत्र पोरीने स्पॅनिशच्या शब्दकोशात ठेवलं होतं. मी तिच्या दप्तरात पट्टी शोधत होतो, असं लिहिणार होतो. पट्टी वगैरे काही नाही. दप्तरच तपासत होतो.

तू माझ्या मुलीला माझ्याबद्दल काय काय लिहितेस ते सगळं वाचलं. डब्याची गोष्ट तिला सांगायला नको होती. ती माझी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी ती बायकोलाही सांगितली नाही.

आता वास येतोच आहे तर पूर्ण ऐक. प्रवेशाची कागदपत्रं दुसऱ्या खिडकीवर दिली होती, हा एकच फॉर्म पुढच्या टेबलापाशी उभ्या उभ्या भरायचा होता. टेबलामागे ती बाई. फोनवर बोलत होती, आपली बोली, अस्सल. येऊन तीन महिने झाले होते, मी घराबाहेर मराठी ऐकली नव्हती. ताई, पोटात गोड झालं. वाटलं, पेन ठेवावा आणि म्हणावं, अमडापूरचा. तेवढ्यात ती फोनवर म्हणाली, इकडे नवीन एक घर आलंय आपल्याकडचं, कोणातले आहेत ते समजत नाही, आडनावच लावत नाहीत.

आमच्याबद्दल नसेलही. तेव्हापासून रोज मी स्वतःला हेच सांगतो, नसेलही.

तिने फोन ठेवला, माझ्याकडे पाहून हसली आणि मराठीत विचारलं, आपल्याकडचे का? मी समजलं नाही असा चेहरा केला. इंग्रजीत सॉरी म्हणालो. ती फॉर्मवर वाकली, मदत करायला असेल किंवा नाव वाचायला असेल. माझा पेन त्या प्रश्नावर होता. नावावर तळहात ठेवला आणि खूण केली. मेक्सिकोचा समजली तर पुढचा प्रश्न येणार नाही, एवढंच डोक्यात. खालची भाषाही त्याच भरात लिहिली. सहल, जागा, फायदा, यातलं तेव्हा काही माहीत नव्हतं. नंतर बदलायचं मनात आलं. पण बदलायला तिच्याकडेच जावं लागतं, आणि मग विचारणार, की त्या दिवशी मराठी समजत नव्हतं का.

एका खुणेसाठी सहा वर्षं मी भाजीच्या दुकानात त्या बाईला पाहून दुसऱ्या रांगेत जातो.

सही देणार नाही. माझी मान खाली जाते म्हणून नाही, ती कधीच गेली. त्या बाईचा पोरगा माझ्या मुलीच्या वर्गात आहे. मुलीसमोर कोणी झाकण लावलेलं मले पाहायचं नाही. समजलं का तुले? नाही पाहायचं.

तुझा तापाचा सल्ला बरा आहे. आयुष्यात पहिल्यांदा आपलं एकमत झालं, म्हणून मला जरा भीतीच वाटते. मुलीला तसंच सांगितलं आहे. ती जेवत राहिली, हे मला आवडलं नाही.

जीव लावतेस तसा लाव, पण मला विचारून.
प्रसेन


२८ सप्टेंबर २०२४

आत्या,

जयभीम. तू अन् पप्पा मिळून मले ताप आणून राह्यले. पप्पानं तं तारीखही ठरवली, बुधवारी अंग दुखायचं, गुरुवारी ताप. त्यायचं पत्र मी वाचलं. पाकिट बंद करायच्या आधी ते आंघोळीले गेले. या घरात आता सगळेच वाचतात, फक्त समोर बसून बोलत नाहीत.

तं पप्पा चोर नाहीत. बरं वाटलं. पाचेक मिनिटं.

मंगळवारी ओचोआ सरांनी पडद्यावर जुनी चित्रं दाखवली. मेक्सिकोत स्पॅनिश लोकायचं राज्य होतं तेव्हाची. सोळा चौकोन, प्रत्येकात एक नवरा, एक बायको, एक लेकरू. गोरा बाप अन् तिथली आदिवासी आई, तं लेकराचं नाव अमुक. काळा बाप अन् तमुक आई, तं लेकराचं नाव टमुक. वरच्या चौकोनात मखमल, खाली येता येता कपडे फाटत जातात, शेवटच्या ओळीत माणसं भांडून राह्यली. सर म्हणाले, याले कास्ता म्हणत, इंग्रजीतलं कास्ट त्याच शब्दातलं. कोणी कोणाच्या पोटी आलं त्यावरून त्याची जागा. येसेनिया खालच्या ओळीकडं पाहत बसली होती. माह्या कानात हवा भरल्यासारखं झालं.

सरांनी विचारलं, असं आणखी कुठं होतं, कोणाले माहीत हाये? ऋत्विकनं हात वर केला. म्हणाला, भारतात फार पूर्वी होतं, आता संपलं, आमच्या घरी तर कोणी मानत नाही. सर म्हणाले व्हेरी गुड. ऋत्विक खाली बसताना माह्याकडं पाहून बसला. मले माहीत नाही ते पाहणं कसं होतं. धमकी होती, का तो वाट पाहत होता मी काही बोलीन म्हणून.

मी हात वर केला नाही. अन् मले एकदम चौथी आठवली. तुहा वर्ग.

तुले आठवते का? तू हातात यादी घेऊन आली अन् म्हणाली, सवलतवाल्यांनी उभं राहा. आत्या, तूच म्हणाली. अकरा पोरं उठली. माह्या बाजूची अन्नपूर्णा उठली. मीही उठाले लागली, अर्धी उठलीच होती, तं तू डोळ्यानं मले बस म्हटलं. मी बसली. अन्नपूर्णानं वरून माह्याकडं पाहून विचारलं, "तू काऊन बसली?"

मी काय म्हटलं माहीत हाये? "मले नाही लागत."

आम्ही दोघी एकाच गल्लीतल्या. तिची माय अन् माही माय एकाच जयंतीच्या मिरवणुकीत. अन् मी तिले असं म्हटलं, जसं तिले काही रोग झाला अन् मले नाही झाला. त्यानंतर ती माह्या बाजूले बसली का नाही, हे मी किती आठवून पाहिलं. आठवतच नाही.

तवा आता तूच सांग. निवृत्तीच्या डब्याची गोष्ट तुले एवढी पाठ हाये, मंग तू वर्गात तेच काऊन म्हटलं? अन् म्हटलं तं म्हटलं, मले काऊन बसवलं? ताप आणायचा हा धंदा तुहा जुनाच हाये का?

येसेनियाले अजून काही सांगतलं नाही. सत्तावीस दिवस उरले.

माया किती अन् लपवालपवी किती, वेगवेगळं करून पाठव.
मयू


अमडापूर
९ ऑक्टोबर २०२४

चि. प्रसेन अन् चि. मयू,

दोघायले जयभीम. पाकिट एकच हाये, चोरून वाचायची गरज नाही. समोरासमोर बसा. मयू वाचन, बाप ऐकन.

मयू, तुहं पत्र शाळेत वाचलं. वाचून झाल्यावर कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, ज्यात पोरं शाळेत आल्या-गेल्याची नोंद असते. तुही ओळ सापडली. नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, सारं माह्या अक्षरात. जातीचा रकाना कोरा. प्रसेननं सांगतलं होतं म्हणून. त्या अख्ख्या पानावर तेवढीच जागा कोरी हाये. तुह्या वरच्या ओळीत अन्नपूर्णा, तिचा रकाना मी ठळक भरलेला. शाई जास्त झाली तं टिपून घेतलेली.

तुहा फॉर्म मी घरी बसून भरला होता. म्हणून तुले उभं करायची गरज नव्हती. बाकीच्यायचे घरी बसून भरायले माहा कोणी हात धरला नव्हता, पण ते सुचलं नाही. सुचलं नाही, हे खोटं हाये, खोडून टाका. भाची माही होती अन् ते दुसऱ्याचे होते.

तं मी बुलढाण्याले गेली. अन्नपूर्णा तिथं अकरावीले हाये, मुलींच्या वसतिगृहात राहते. स्टँड येईपर्यंत एस.टी.त मी ठरवत होती का काहीतरी निमित्त सांगू, परीक्षेचं विचाराले आली म्हणू. मले पाहून तिले वाटलं कोणी गेलं. चहाच्या टपरीवर बसलो. मी सरळ विचारलं, तुले ती चौथीतली यादी आठवते का. पोरगी हसली. आठवते म्हणे. मले वाटलं आता ही मले धुवून काढन, अन् मी ऐकायले तयार होती. तं ती म्हणाली, "उभं राहायचं काही नाही वाटलं, मॅडम. मयुरी बाजूले असती तं गप्पा मारत उभ्या राह्यलो असतो."

माह्याच्यानं चहा संपला नाही. तिनं संपवला, ग्लास ठेवून विचारलं, मयुरी तिकडं कोणाच्या बाजूले बसते.

यंदाची यादी माह्या टेबलावर पडली हाये. कोणालेच उभं करणार नाही, शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन फॉर्म भरीन, गुडघा म्हणन ते म्हणन. कारकून म्हणते, मॅडम, एवढी कायले तकलीफ, पाच मिनिटाचं काम. पाच मिनिटाचंच हाये, म्हणून तं.

प्रसेन, तुले एक विचारतो. फॉर्मवर तू हात ठेवून नाव झाकलं. पण शाळेच्या हरेक यादीत मयुरी सहदेव असं, आबाचं नाव लावून, लिहून येते. ते वाचून चिखलीच्या बाईले सहा वर्षांत काही समजलं नसन, असं खरंच वाटते का बे तुले? तिले पहिल्या महिन्यातच समजलं असन. मंग ती चूप काऊन राह्यली? वाईटासाठी का चांगल्यासाठी, ते मले सांगता येत नाही, माहा तिच्यावर अजून भरोसा नाही. पण तू कोणापासून लपून राह्यला, ते एकदा मोजून पाहा. तिच्यापासून तं नाही.

ताप मी परत घेतो. दोघायनं मिळून काय करायचं ते करा, पण पोरीले बसवू नका.

माया तशीच हाये, हिशेब मागू नका.
महामाया


२५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार
गाडीत बसून, शाळेबाहेर

आत्या,

जयभीम. तुहं पत्र काल आलं. समोरासमोर बसलो. मी वाचलं, पप्पानं ऐकलं. अन्नपूर्णाच्या वाक्यापाशी ते उठले, गाडी धुवाले गेले. गाडी परवाच धुतली होती. पुढचं मी खिडकीतून मोठ्यानं वाचलं, ते नळ बंद करून उभे होते. बे आलं तवा मम्मी हसली. ती म्हणते, सहा वर्षांत या घरात पहिल्यांदा कोणी पप्पाले बे म्हटलं.

येसेनियाले मी मागच्या शुक्रवारी सांगतलं. सारं. ती रागावली नाही, तेच वाईट होतं. तिनं विचारलं, मंग आमच्यात बसून आम्ही काय काय बोललो ते तू कोण म्हणून ऐकलं? दोन दिवस तिनं माह्यासमोर डबा उघडला नाही. पप्पाले ज्याचं भेव होतं ते झालं, फक्त दुसऱ्याच बाजूनं झालं, अन् माही चूक असताना झालं. तिसऱ्या दिवशी तिनं डबा उघडला, पण मधात ठेवला नाही. म्हणाली, बरं, तू मेक्सिकोची नाही. मंग तू कोण? मी अमडापूरपासून सुरू केलं. बेल झाली. अजून तेवढ्यावरच हाये.

ओचोआ सरांचा चेहरा पडला. कागदांबिगर आलेली म्हणून माया केलेली पोरगी कागदांसकट निघाली. मंग म्हणाले, त्या चित्रांच्या तासाले तू गप्प का होतीस. मी सांगतलं, पुढच्या तासाले बोलीन. ऋत्विक मागंच उभा होता. तो मराठीत म्हणाला, मीपण ऐकेन. त्यात काय होतं मले अजून समजलं नाही. पेनाच्या वेळेसही समजलं नव्हतं.

आता साडेतीन झाले. खिडकी चारले बंद होते. दुरुस्तीचा फॉर्म माह्या मांडीवर हाये. लॅटिनो आहे का, नाही. घरची भाषा, मराठी. माह्या हातानं भरला, खुणेचं शेपूट आखूड ठेवलं. तुहं-माहं-अन्नपूर्णाचं जे हाये त्याले यात चौकोनच नाही, शोधला मी. खाली एक रिकामी ओळ हाये, आणखी काही सांगायचं असल्यास. ती सध्या तशीच ठेवली. पप्पाच्या सहीची जागाही कोरी हाये.

पप्पा बाजूले बसून हायेत. मी काय लिहून राह्यली ते पाहत नाहीत, म्हणजे पाहत हायेत. गाडी चालूच हाये. मघापासून दोनदा म्हणाले, सोमवारी आलो तर. पट्टाही काढला नाही.

हे पत्र मी सीटवर उघडंच ठेवून राह्यली. पाकिट पप्पाच बंद करतीन, अन् वाचूनच करतीन. करू दे.

पप्पा, हे वाचून राह्यले असाल तं मी आत पोचली. पुष्पांजलीबाई खिडकीतच हायेत. मी मराठीत बोलून राह्यली. त्या विचारतीन, अमडापुरात कुठले, अन् मी सांगीन. सही तुमचीच लागते. तुमच्या खिशात पेन शोधू नका, तो मी घेतला.

आत्या, अन्नपूर्णाले सांगजो, उठली म्हणून.